खेळांची परिभाषा आणि व्यवहारातील बोली : सातारा–सांगली परिसरातील शब्दसंक्रमणाचा एक आलेख

१. विषयप्रवेश

गेल्या काही वर्षांत सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील तरुणांच्या बोलण्यात एक नवा शब्दवर्ग शिरलेला दिसतो. एखाद्या विषयात कच्चा असलेला विद्यार्थी आपल्या सोबत्यांत ‘नूब’ ठरतो, निष्णात असलेला ‘प्रो’ म्हणवला जातो. विनोद सांगून झाल्यावर जो उशिरा हसतो त्याला ‘लॅग’ आहे असे म्हणतात. आणि तोंडी परीक्षेत ज्याची गाळण उडाली तो बाहेर येऊन ‘नॉक झालो’ एवढेच सांगतो. हे शब्द मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या लढाईच्या खेळांतून व महाजालावरील व्यवहारातून आलेले आहेत, हे सर्वश्रुत आहे.

ह्या घटनेविषयी सुशिक्षितांच्या दोन प्रतिक्रिया आढळतात. ही भाषेची विटंबना आहे, असे काहींना वाटते. काहींच्या मते हा पोरखेळ असून तो आपोआप विरून जाईल. दोन्ही मतांच्या मुळाशी एकच समजूत आहे, ती म्हणजे असे काही पूर्वी घडलेले नाही. ऐतिहासिक दृष्टीने पाहता ही समजूत टिकत नाही. खेळाच्या परिभाषेने व्यवहाराच्या बोलीत प्रवेश करणे ही मराठीतील जुनी व अखंड चालत आलेली प्रक्रिया आहे, आणि ती तपासण्यास कृष्णाकाठचा हा प्रदेश विशेष सोयीचा आहे. येथे पट, माती, अंगण आणि मैदान ह्या चारही ठिकाणचे खेळ पिढ्यान्‌पिढ्या नांदले आणि प्रत्येकाने बोलीत आपला थर मागे ठेवला.

परंतु खेळातील सर्वच शब्द खेळाबाहेर येत नाहीत. काही येतात व शतकानुशतके टिकतात, काही खेळाबरोबरच संपतात. ही निवड कोणत्या तत्त्वावर होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आधीच सांगून ठेवणे बरे : शब्द खेळणाऱ्यांच्या तोंडी जन्मास येतो, पण व्यवहारात रुजतो तो पाहणाऱ्यांच्या तोंडी. ज्या खेळाला प्रेक्षक लाभला त्याचेच शब्द समाजाचे झाले.

२. पटावरील थर

सर्वांत जुना थर बैठ्या खेळांचा आहे. सारीपाटातील ‘पौबारा’ हे फाशांचे एक दान. त्यावरून आलेला ‘पोबारा करणे’ हा वाक्प्रचार आज ज्याने सोंगटी हाती धरलेली नाही तोही वापरतो, आणि त्यातील बारा हा आकडा कोणाच्या ध्यानीमनीही नसतो. ‘फासे उलटे पडणे’, ‘डाव साधणे’, ‘पट उधळणे’ ही त्याच घराण्यातील मंडळी होत. ‘आखाडा’ हा शब्दही येथे आठवण्यासारखा आहे. त्याची व्युत्पत्ती ‘अक्षवाट’ ह्या संस्कृत शब्दापासून दिली जाते, आणि ‘अक्ष’ म्हणजे फासा. फाशांच्या आवाराचे नाव मल्लांच्या आवाराला मिळाले आणि पुढे ते राजकारणाच्या आवारालाही लागू झाले. एका खेळाचा शब्द दुसऱ्या खेळाने उचलावा आणि दुसऱ्याकडून तो व्यवहाराने घ्यावा, हा क्रम पुढेही दिसणार आहे.

बुद्धिबळाने मराठीला दिलेले शब्द अधिक भारदस्त आहेत. ‘शह’, ‘मात’, ‘शहकाटशह’, ‘प्यादे’, ‘वजीर’ हे शब्द मूळचे फार्शी वा अरबी. ‘शह’ म्हणजे राजाच. ‘प्यादे’ म्हणजे पायदळातील शिपाई. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात राजव्यवहारकोशाने राज्यकारभारातील यावनी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले. विसाव्या शतकात भाषाशुद्धीचा आग्रह पुन्हा उसळला, आणि ज्यांनी १९२५ साली फार्शी-मराठी कोश सिद्ध केला त्याच माधवराव पटवर्धनांनी १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिला. ह्या सर्व चळवळींच्या तडाख्यातून पटावरील वजीर सुखरूप राहिला. त्याला प्रधान म्हणावे, असे खेळणाऱ्याला वा पाहणाऱ्याला कधी वाटले नाही.

बुद्धिबळ हा दोघांचा व मुक्याने खेळावयाचा खेळ, मग त्याचे शब्द पाहणाऱ्यांमुळे रुजले असे कसे म्हणता येईल, अशी शंका येथे कोणी घेईल. ज्याने देवळाच्या ओवरीत किंवा वाड्याच्या सोप्यावर मांडलेला पट पाहिला आहे त्याला ही शंका येणार नाही. खेळणारे दोघे असतात आणि चाली सुचविणारे दहा. मुक्याने खेळतात ते खेळाडू. बोलतात ते भोवतीचे. सांगलीस ह्या परंपरेला भाऊसाहेब पडसलगीकरांच्या श्रमांमुळे नूतन बुद्धिबळ मंडळाच्या रूपाने संस्थेचे बळ लाभले, आणि बुद्धिबळाचे गाव म्हणून त्या शहराची ख्याती झाली. शहकाटशहाची भाषा तेथील सहकारी संस्थांच्या निवडणुकांत जितक्या सहजतेने ऐकू येते तितक्याच सहजतेने घरगुती कुरबुरींतही ऐकू येते.

३. मातीतील थर

ह्या दोन जिल्ह्यांच्या बोलीवर सर्वांत खोल ठसा उमटविला तो कुस्तीने. गावच्या जत्रेचा शेवट कुस्त्यांच्या फडाने व्हावा, ही येथील रीत आहे. कुंडलसारख्या ठिकाणचे मैदान म्हणजे पंचक्रोशीचा मेळावाच. ‘शड्डू ठोकणे’, ‘लंगोट कसणे’, ‘खडाखडी’, ‘पेचात धरणे’, ‘मैदान मारणे’, ‘आस्मान दाखवणे’, ‘चीत करणे’ हे प्रयोग इतके रूढ आहेत की त्यांचे मूळ सांगावे लागते, हेच त्यांच्या रुजण्याचे प्रमाण. दोन पुढाऱ्यांत संगनमताने चाललेल्या भांडणाला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात. ती पाहून न पाहिल्यासारखे करणारा मतदार हा मूळचा फडावरचाच प्रेक्षक होय.

ह्या थराविषयी दोन गोष्टी भाषाभ्यासकाने ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी की ज्याला आपण अस्सल मराठी मातीतला शब्दसंग्रह म्हणतो त्याचा मोठा भाग परकीय आहे. ‘पैलवान’, ‘वस्ताद’, ‘पेच’, ‘खुराक’ हे फार्शीतून आले. ‘तालीम’ हा अरबी शब्द असून त्याचा मूळ अर्थ शिक्षण असा आहे. मराठीने त्याला दोन नवी घरे दिली. एक मल्लांची तालीम आणि दुसरी नाटकाची तालीम. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले तेथे एकाच शब्दाची ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदली, आणि कोणाचाही घोटाळा झाला नाही.

दुसरी गोष्ट व्याकरणाची. परका शब्द आपला झाला की नाही, हे ओळखण्याची मराठीतील खूण म्हणजे सामान्यरूप. ‘तालीम’ हा शब्द विभक्तिप्रत्ययापूर्वी ‘तालमी’ असा होतो. मधला दीर्घ ईकार लोपतो आणि आपण ‘तालमीत’ म्हणतो. ‘वजीर’ शब्दाचे ‘वजिराला’ होताना ईकार ऱ्हस्व होतो. म्हणजे ह्या शब्दांनी मराठीचे ध्वनिनियमही अंगी बाणवले. जोपर्यंत शब्द ‘मध्ये’, ‘वर’ अशा शब्दयोगी अव्ययांच्या आधाराने चालतो आणि स्वतः वाकत नाही तोपर्यंत तो पाहुणा समजावा; वाकला की घरचा. ही कसोटी पुढे नव्या शब्दांना लावून पाहावयाची आहे.

४. अंगणातील थर : लोण आणि वकट

प्रेक्षकाच्या महत्त्वाचा सर्वांत चांगला पुरावा मोठ्या खेळांत न मिळता पोरासोरांच्या खेळांत मिळतो. आट्यापाट्या आणि विटीदांडू हे दोन्ही खेळ एकाच अंगणातले, एकाच वयाच्या मुलांचे. तरी त्यांच्या परिभाषेचे भवितव्य परस्परविरुद्ध झाले.

आट्यापाट्यांत शेवटची पाटी ओलांडून तेथून माघारी येण्याच्या क्रियेशी ‘लोण’ हा शब्द निगडित आहे. लोण म्हणजे मूळचे लवण, मीठ. गडी पाट्या चुकवीत पलीकडे जातो आणि लोण घेऊन परततो. ह्यावरून एका ठिकाणची गोष्ट अडथळे ओलांडून दुसऱ्या ठिकाणी जाणे ह्या अर्थाचा ‘लोण पोचणे’ हा वाक्प्रचार सिद्ध झाला. आज इतिहासाच्या ग्रंथांत व वर्तमानपत्रांत तो गंभीर लेखनाचा भाग आहे. १९४२ नंतर जुन्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. त्या चळवळीचे लोण खेडोपाडी पोचले, असे लिहिताना आपण आट्यापाट्यांचीच भाषा लिहीत असतो. कबड्डीतही सर्व गडी बाद झाल्यावर प्रतिपक्षावर ‘लोण’ चढतो, आणि कबड्डीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तो शब्द ‘लोना’ ह्या रूपात गेला आहे. ‘कामात खो घालणे’, ‘कोंडी फोडणे’, ‘कुरघोडी करणे’ हेही प्रयोग अशाच अंगणांतून उठून विधिमंडळाच्या वृत्तांतापर्यंत गेले आहेत.

आता विटीदांडूकडे पाहावे. त्यातील मोजणी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी चालते. पुढील नावे गावोगाव बदलतात. तेलुगूतील ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ ह्या संख्यावाचकांशी त्यांचे नाते उघड आहे. सांगली जिल्ह्याला, विशेषतः जत तालुक्याला, शेजार आहे तो कानडीचा. परंतु कानडीतील ‘ओंदु, एरडु’ येथे दिसत नाहीत. म्हणजे शेजाऱ्याकडून उसने घेतले, एवढ्या साध्या स्पष्टीकरणाने भागत नाही. खेळाचे शब्द स्वतःच्या वाटेने प्रवास करतात, हे त्यावरून दिसते.

हे शब्द किती पिढ्यांच्या तोंडी होते! आणि तरीही कोणत्या मराठी गृहिणीने भाकरी मोजताना ‘वकट, लेंड’ म्हटले, किंवा कोणत्या हमालाने पोती मोजताना ते वापरले? एकानेही नाही. खेळाच्या रिंगणाबाहेर त्यांना पाऊल टाकता आले नाही. विटीदांडूचा डाव थांबून पाहण्यासाठी वडीलधारी माणसे जमत नसत. आट्यापाट्या मात्र सणासुदीला थोर माणसेही खेळत आणि गाव ती पाहावयास बसे. एका खेळाचे शब्द गावाने ऐकले, दुसऱ्याचे फक्त खेळगड्यांनी. त्यामुळे आट्यापाट्यांचे अंगण ओस पडले तरी ‘लोण’ जगले, आणि विटीदांडू मागे पडताच ‘वकट’ आजोबांच्या आठवणीत जाऊन बसले.

५. मैदानातील थर

१९५२ हे वर्ष ह्या प्रदेशाच्या क्रीडेतिहासात संस्मरणीय आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत मद्रास येथे भारताने इंग्लंडवर आपला पहिला कसोटी विजय मिळविला. संघनायक होते १९१५ साली सांगलीत जन्मलेले विजय हजारे. त्याच वर्षी जुलै महिन्यात कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. एक खेळ मातीतला, दुसरा साहेबाच्या हिरवळीवरचा. एकाच खोऱ्याने दोघांनाही माणसे दिली.

भाषेत ह्या दोन खेळांची भेट फार मनोज्ञ रीतीने झाली. क्रिकेटची बातमी व समालोचन मराठीत देण्याची वेळ आली तेव्हा खेळाडू बाद होण्याच्या प्रकारांना नावे हवी होती. बाळ ज. पंडितांसारख्या समालोचकांनी आणि वृत्तपत्रांच्या क्रीडालेखकांनी जी परिभाषा घराघरांत पोचविली तीत ‘पायचीत’, ‘यष्टिचीत’, ‘धावचीत’, ‘त्रिफळाचीत’ हे शब्द आहेत. ह्यातील ‘चीत’ कुस्तीचा. फडावर चीत होणे म्हणजे पाठ मातीला लागून तोंड आभाळाकडे होणे. क्रिकेटमध्ये कोणाची पाठ जमिनीला लागत नाही. पाय यष्टीसमोर आला एवढाच अपराध असतो. तरी शब्द पटला, कारण तो ऐकणाऱ्याच्या कानात जत्रेचा फड आधीपासून होता. मूळ दृश्य गळून केवळ ‘हार’ एवढा अर्थ उरणे, ही अर्थसंकोचाची व अर्थविस्ताराची एकाच वेळी घडलेली क्रिया आहे.

बोलीने मात्र ह्या परिभाषेबरोबर मूळ इंग्रजी शब्दही सोडले नाहीत. ‘त्याची विकेट काढली’, ‘गुगली टाकली’, ‘पहिल्याच प्रश्नाला बोल्ड’ असे प्रयोग सर्रास होतात. उलट ‘नाबाद’ हा मराठी शब्द ऐंशी वर्षांच्या गृहस्थाच्या सत्कारातही शोभून दिसतो. घडविलेला शब्द आणि उसना शब्द यांची ही वाटणी कोणत्याही समितीने ठरविलेली नाही. आकाशवाणीमुळे व पुढे दूरदर्शनमुळे क्रिकेटला खेळणाऱ्यांच्या कितीतरी पट प्रेक्षक मिळाला, आणि त्या प्रेक्षकाने आपल्या सोयीने निवड केली.

६. पडद्यावरील थर

आता मूळ विषयाकडे यावयास हरकत नाही. भारतात सर्वसामान्यांना महाजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली. परंतु खेड्यातील तरुणाच्या हाती ते खऱ्या अर्थाने पडले ते २०१६ च्या उत्तरार्धात मोबाइलवरील आंतरजाल स्वस्त झाल्यावर. २०१८ साली ‘पबजी’ ह्या खेळाची मोबाइल आवृत्ती आली आणि अल्पावधीत त्याचे नाव ह्या जातीच्या सर्व खेळांना लागू झाले. वनस्पती तुपाला ‘डालडा’ म्हणावे तसा तो प्रकार. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती निघाली, २०२२ च्या जुलैत ती काढून घेण्यात आली आणि २०२३ च्या मे महिन्यात परतली. भाषाभ्यासकाला ही आयती प्रयोगशाळाच होय. खेळ दोनदा नाहीसा झाला, शब्द एकदाही झाले नाहीत.

ह्या शब्दांचे मराठीकरण कसे होते ते पाहणे उद्‌बोधक आहे. ‘थांब की लगा, नॉक झालोय’, ‘रिवाइव्ह दे की’, ‘उगं कॅम्प मारून बसू नको’, ‘कसला नूबड्या हाय’ अशी वाक्ये ह्या परिसरात कोणाच्याही कानी पडतील. त्यांतील क्रियापदे पाहावीत : होणे, देणे, मारणे. परका शब्द नामासारखा धरावयाचा आणि मराठी क्रियापदाच्या हाती सोपवावयाचा, ही पद्धत ‘कबूल होणे’, ‘अर्ज करणे’, ‘जप्त करणे’ ह्या प्रयोगांत शिवकालापूर्वीच स्थिरावली आहे. दार तेच आहे, पाहुणे बदलले. ‘नूबड्या’ ह्या रूपात तर मराठीने आपला तुच्छतादर्शक प्रत्यय लावून टाकला आहे, आणि ‘लगा’ ह्या संबोधनाने वाक्य पुरते कृष्णाकाठचे झाले आहे.

काही शब्दांचा प्रवास याहून विलक्षण आहे. ‘लूट’ हा शब्द आपल्या देशी भाषांतून इंग्रजीत गेला, तेथे रुळला, आणि आता खेळातील शस्त्रे गोळा करण्याच्या अर्थाने परत आला. खेळणाऱ्या मुलाला तो परका वाटत नाही, आणि तो परका नाहीही. ‘अवतार’ हा संस्कृत शब्द संगणकाच्या परिभाषेत खेळाडूच्या पडद्यावरील रूपाला लावण्यात आला व त्या अर्थाने मायदेशी आला. ‘काय अवतार केला आहेस!’ असे म्हणणाऱ्या आईच्या मराठीत त्याला वेगळी जागा शोधावी लागली नाही.

तथापि सामान्यरूपाची कसोटी लावली की चित्र बदलते. ‘मोबाइलात’ हे रूप ग्रामीण बोलीत ऐकू येते. ‘सर्व्हरात’, ‘स्क्वाडात’ ही रूपे येत नाहीत. तेथे ‘सर्व्हरवर’, ‘स्क्वाडमध्ये’ असेच चालते. म्हणजे मोबाइल घरचा झाला, स्क्वाड अद्याप ओसरीवर आहे.

असे का व्हावे? येथे पुन्हा प्रेक्षकाचा प्रश्न येतो. महाजालाच्या सर्वसाधारण व्यवहारातील शब्द, म्हणजे ‘व्हायरल’, ‘फॉरवर्ड’, ‘ब्लॉक’, ‘हँग’, ‘रेंज’, हे सर्व वयांच्या लोकांनी उचलले आहेत. ‘डोकं हँग झालं’ असे बाजार समितीतील अडत्या म्हणतो आणि त्याची वृद्ध आईही म्हणते; कारण हँग झालेला मोबाइल दोघांनी पाहिलेला असतो. अफवांना आपण ‘वावड्या’ म्हणतो; वावडी म्हणजे पतंग, आणि आभाळात उडालेला पतंग सगळ्या गावाला दिसतो. ‘व्हायरल’ हा शब्द त्याच गरजेतून त्याच वाटेने आला. याउलट ‘जीजी’ हा खेळ संपल्यावर प्रतिस्पर्ध्याला दाद देण्याचा संकेत, किंवा ‘एएफके’ हा कळफलक सोडून गेल्याचा संकेत, खेळणाऱ्यांच्या मंडळाबाहेर गेलेला नाही. दुसरा तर अधिकच चमत्कारिक आहे. मोबाइलवर खेळणाऱ्यापाशी तो कळफलकच नसतो, संकेत मात्र उरला आहे. विटीदांडूतील वकट-लेंडाचे हे सख्खे भाऊबंद होत. हा खेळ कानाला यंत्र लावून, एका हाताएवढ्या पडद्यावर, चार मित्र चार घरांत बसून खेळतात. ज्या खोलीत खेळ चालला आहे त्याच खोलीत बसलेल्या माणसालाही तो दिसत नाही.

पण ही स्थिती स्थिर नाही. दुसऱ्यांचा खेळ पडद्यावर पाहणारा एक नवा प्रेक्षकवर्ग तयार झाला असून तो स्वतः खेळतोच असे नाही. २०२३ साली हांगचौ येथे झालेल्या आशियाई स्पर्धांत अशा खेळांना प्रथमच पदकांचा मान मिळाला. जे खेळ पाहिले जातील त्यांचे शब्द बाहेर येतील, असे आपले सूत्र सांगते. ‘नूब’ व ‘प्रो’ हे न खेळणाऱ्यांच्याही तोंडी दिसू लागले आहेत, ते याच कारणाने.

७. समारोप

वरील विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला भाषाशुद्धीविषयी. खेळातून आलेला परका शब्द भाषेला दुबळी करतो, ह्या मताला इतिहासाचा आधार नाही. पैलवान, वजीर, तालीम ह्यांना एकेकाळी हाकलून देता आले असते, तर आज मराठीपाशी आपल्या सर्वांत मर्दानी वाक्प्रचारांपैकी कितीतरी नसते. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याच्या मुखातून ‘लेव्हल’ निघाले म्हणून त्याच्या विचारशक्तीविषयी अनुमान काढणे अध्यापकाने टाळावे. ज्या परीक्षकाला ‘विकेट’ चालते त्याला ‘नॉक’ खुपण्याचे कारण शास्त्रीय नाही. ते केवळ वयाचे आहे.

दुसरा निष्कर्ष अधिक चिंतेचा आहे, आणि तो शब्दांविषयी नसून मैदानाविषयी आहे. जत्रेच्या फडावर नातू चीत झाला तर त्याच्या आजोबांना तो का चीत झाला हे कळत असे. कोणता डाव चुकला ते रात्री जेवताना सांगता येत असे. हार आणि जीत सांगण्याची भाषा घरात सर्वांची एक होती. आज तोच नातू रात्री हरून उठतो आणि ‘शेवटच्या झोनमध्ये नॉक झालो’ म्हणतो, तेव्हा त्या घरात त्याचे वाक्य समजणारे कोणी नसते. वाक्य मराठी आहे. त्यामागील मैदान कोणी पाहिलेले नाही. दुरावा आला आहे तो येथे, आणि शब्द गाळल्याने तो भरून येणार नाही. आजोबांनी एकदा पडदा पाहिला आणि नातवाने एकदा त्यांना वकट-लेंडाचा हिशेब विचारला, तर मात्र काही भरून येईल.

अभ्यासकांपुढील कामही यावरून स्पष्ट होते. मोल्सवर्थने १८३१ साली आणि दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ ह्या काळात सिद्ध केलेल्या शब्दकोशांत देशी खेळांच्या संज्ञांना जागा मिळाली, म्हणून आपण आज ‘लोण’ कोठून आले हे सांगू शकतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी दोन टोकांकडून एकाच वेळी नोंदी घेण्यास आरंभ करावा. एका टोकाला सत्तरी ओलांडलेली माणसे आहेत, ज्यांना आपल्या गावची विटीदांडूची मोजणी, पाट्यांची नावे आणि फडावरचे बोल तोंडपाठ आहेत. दुसऱ्या टोकाला त्यांचीच नातवंडे आहेत, ज्यांच्या शब्दांचे आयुष्य कदाचित एखाद्या खेळाच्या आवृत्तीएवढेच असेल. शब्द, त्याचे लिंग, त्याचे सामान्यरूप, त्याला लागणारे क्रियापद, तो खेळाबाहेर प्रथम कोणत्या प्रसंगी वापरलेला आढळला, आणि वापरणारा स्वतः खेळणारा की केवळ पाहणारा, एवढ्या सहा रकान्यांची वही पुरेशी आहे. ती एकाच घरात, एकाच दिवशी, आजोबांपाशी व नातवापाशी बसून भरता येण्यासारखी आहे.